दोन लाद्यांची सीमा

३ जानेवारी, सकाळ
अठराला अंधेरीच्या हॉलमध्ये माझं भाषण. विषय: शेजारी देशांतला औषधव्यापार खुला करा. सुरुवात ठरली. ‘औषधासाठी ताटकळलेल्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो! शेजारच्या देशात औषध तयार पडलंय आणि आपला माणूस इथे तळमळतोय. का? तर मधे कोणीतरी एक रेघ ओढली आहे!’
आरशासमोर म्हणून पाहिलं. अंगावर काटा आला. माझ्याच.
संकल्प: रोज खणखणीत आवाजात सराव.

५ जानेवारी
शेजारच्या नंदकिशोरचं शू-रॅक पॅसेजमध्ये पुन्हा आमच्याकडे दोन लाद्या सरकलंय. सांगून झालं. आज लाल चिकटपट्टी लावून हद्द आखली. बिल्डिंगखालचं मेडिकल त्याचंच. त्यावर आजपासून बहिष्कार. जयंतीचा दम्याचा पंप संपत आलाय, तो बोरिवलीहून आणेन. ती म्हणाली, जिना उतरलं की मिळतो. बायकोला तत्त्व समजावणं कठीण. भाषणानंतर बघू.

९ जानेवारी
बोरिवलीला निघालो होतो. वाटेत वाचनालय लागलं. आयातशुल्कावर उत्तम मजकूर सापडला. पंप राहिला. थोडा शिल्लक असावा.

१४ जानेवारी
संक्रांत. नंदकिशोरची बायको, मालनवहिनी, तिळगूळ घेऊन आल्या. पट्टीच्या पलीकडेच उभं राहून त्यांनी हात लांब केला. तिळगूळ खाल्ला, पट्टी ठेवली.
संध्याकाळी ‘बंद सीमा म्हणजे बंद श्वास’ या वाक्यालाच जयंतीला खोकल्याची उबळ. लय मोडली. स्वयंपाकघरात जाऊन खोक म्हणालो.
हे लिहायला नको होतं.
पंप उद्या नक्की.

१८ जानेवारी
भाषण झकास. लोक उभे राहिले. एका बाईंनी डोळे पुसले.
रिक्षात फोन पाहिला. जयंतीचे मिस्ड कॉल. फोन सायलेंटवर होता, व्यासपीठाची शिस्त. घरी आलो तर दाराला कुलूप. तिच्या चपला नंदकिशोरच्या शू-रॅकमध्ये. ती त्यांच्या सोफ्यावर, हातात नवा पंप. श्वास लागला म्हणून भिंत धरत तिथवर गेली होती. मालनवहिनी पाठ चोळत होत्या.
मी विचारलं, रविवारी मेडिकल बंद असतं, पंप कुठून आला?
नंदकिशोर शांतपणे म्हणाला, “विद्याधरराव, भिंत पातळ आहे. तुमचं भाषण आम्हाला पाठ झालंय. मधे मधे वहिनींचा खोकला ऐकू यायचा, म्हणून पंप आणून घरात ठेवला होता.”
जयंतीने विचारलं, “टाळ्या मिळाल्या का?”
हो म्हणालो. खोटं बोललो असतो तर बरं वाटलं असतं.

१९ जानेवारी
माफी मागायची आहे. मुद्दे काढले: पार्श्वभूमी, परिस्थिती, माझी भूमिका. आरशासमोर उभा राहिलो. पहिल्याच वाक्याला भिंतीपलीकडून मालनवहिनींचा आवाज आला. “भावोजी, दार उघडंच आहे.”
जयंती हसली. हसताना खोकली नाही.
विद्याधर, तोंड बंद कर. पॅसेजमध्ये जा, खाली वाक आणि ती पट्टी काढ.