खोली क्रमांक दोनबाबत खुलासा

मळा, ता. कवठे महांकाळ
रविवार, ७ डिसेंबर

तीर्थरूप तात्यांस,

शिवांजलीचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. आईची खोकल्याची बाटली संपली, खोकला शिल्लक आहे. तुमच्या गुडघ्याचे आणि काकूंच्या शुगरचे काय ते कळवावे. (ते फोनवर कळवले तरी चालेल. लेखी उत्तर फक्त एकाच गोष्टीचे हवे आहे, ती शेवटी येईल.) या आठवड्यात तुम्ही तीनदा फोन केलात आणि तिन्ही वेळा मी "लिहून पाठवते" म्हणाले. कागदावर नाही ते घडलेच नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवले. तेव्हा जे घडले ते आता कागदावर येत आहे.

२४ तारखेला तुम्ही पलटणीतल्या चार मित्रांना घेऊन साताऱ्याहून येणार आहात. गोठ्याच्या दोन खोल्या झाल्या आहेत. त्यांतली दुसरी, म्हणजे तुमची, सध्या रिकामी नाही. असे का झाले ते क्रमाने सांगते.

गोठा तुमच्या वाटणीचा आहे. याबद्दल कुणाचेच दुमत नाही, तुमच्या धाकट्या भावाचे, म्हणजे आबांचे, तर नाहीच. मे महिन्यात तुम्ही म्हणालात की याचे फार्महाऊस करू, वास आणि माश्या आधी हलवा, तेव्हा आबा एवढेच म्हणाले, "दादाचा गोठा हाय. दादा म्हनंल तसं." १४ जूनला चंद्री गाय शेजारच्या गावच्या आकारामनानांकडे गेली. ती पाच महिन्यांची गाभण होती. दावे आबांनी स्वतः सोडले, ओढ्यापर्यंत तिच्याबरोबर गेले आणि परत येऊन जेवले (दोन भाकऱ्या, एरवी तीन). त्या दिवसापासून संध्याकाळच्या धारेच्या वेळी, पाच वाजून दहा मिनिटांनी, ते गोठ्याबाहेरच्या दगडावर येऊन बसत आणि पाच चाळीसला उठत. मी सांगलीहून सुट्टीच्या दिवशीच येते, त्यामुळे माझ्या नोंदी फक्त रविवारच्या आहेत, पण आई म्हणते, रोजच. कृष्णात मिस्त्रींना वाटले की मालक देखरेखीला बसतात. त्यामुळे पाचनंतर झालेले काम जास्त सफाईदार आहे, हे तुम्हाला भिंती पाहून ओळखू येईल.

भिंतींचा विषय निघालाच आहे तर तो संपवते. तुम्ही मोबाइलवर परदेशातल्या गोठ्यांचे एकोणीस फोटो पाठवले होते. त्यांत सगळीकडे दगडी भिंत उघडी होती, आणि तुमची सूचना होती की जुने ते जुनेच दिसले पाहिजे. मी मिस्त्रींना फोटो दाखवले, दगड घासून सांधे भरायला सांगितले आणि सोमवारी कुपवाडला कामावर गेले. (आमच्याकडे पंपाचे भाग बनतात. त्यांत केसाएवढी चूक झाली तरी माल परत येतो. बांधकामात तसे नसते, हे मला आता कळले आहे.) पुढच्या रविवारी आले तर चारही भिंतींना गुळगुळीत गिलावा झालेला होता. मिस्त्री म्हणाले, "आवं ताई, सुभेदार मेजरचं घर, आन् दगडं उगडी? लोकं म्हंत्याल, सिमेट सपलं." मी फोटो पुन्हा दाखवले. त्यांनी ते लांबून, जवळून आणि आडवे धरून पाहिले आणि म्हणाले, "असलं पायजे व्हय? मग सोपं हाय." त्याच्या पुढच्या रविवारी गिलाव्यावर तपकिरी रंगाने दगड काढलेले होते. खऱ्या दगडावर गिलावा आणि गिलाव्यावर दगड, अशी सध्याची स्थिती आहे. पश्चिमेच्या भिंतीवर ते एकशे चौदा आहेत आणि सगळे एका मापाचे आहेत, कारण मिस्त्रींनी वहीच्या पुठ्ठ्याचा साचा केला होता. पाचनंतर काढलेल्या दगडांना सावलीही आहे.

सजावटीतही तुमच्या फोटोंप्रमाणेच जाण्याचा प्रयत्न केला. बैलगाडीचे चाक भिंतीवर लावले. आबा ते बघून गेले आणि दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घालून आले. पूजेचा हार असेल म्हणून मी काही बोलले नाही, पण तो गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा घातला होता. गवताच्या गठ्ठ्यांची आसने फोटोत होती. आपल्याकडे तसे गठ्ठे मिळत नाहीत, म्हणून कडब्याच्या पेंढ्या बांधून चार आसने केली आणि त्यांवर आईने सोलापुरी चादरी शिवल्या. बसायला टोचतात, पण दिसतात बरी.

आता खोली क्रमांक दोन. या खोलीत तुम्हाला चार गोष्टी खटकण्याची शक्यता आहे, म्हणून त्यांची तांत्रिक कारणे देते. जमिनीला एकास साठ उतार आहे, म्हणजे खोलीच्या लांबीत साठ मिलिमीटर. मूळ गोठ्याचा तो उतार काढायचा तर पायाजवळ खणावे लागले असते, आणि जुन्या पायाला हात लावू नये असे माझे मत आहे. उताराच्या शेवटी जी पन्हळ आहे ती लादी पुसताना पाणी जाण्यासाठी सोयीची पडेल. खोली एकमध्ये तुमच्या पसंतीच्या चकचकीत टाइल्स आहेत, इथे मात्र खरबरीत शहाबादी आहे. टाइल्स कमी पडल्या. दरवाजा तिथे नऊशे मिलिमीटरचा आहे आणि इथे बाराशेचा; पलंग आत यायला हवा होता. राहिली दगडी गव्हाण. ती भिंतीत इतकी पक्की होती की फोडण्यापेक्षा वर सागवानी फळी टाकून तुमचे लिहिण्याचे टेबल केले. उंची थोडी कमी आहे, पण तुम्ही पत्रे लिहीत नाही, फक्त मागवता.

३० नोव्हेंबरला वास्तुशांत झाली. त्याच दिवशी साताऱ्यात तुमचा माजी सैनिकांचा मेळावा होता, म्हणून तुम्ही "तुम्ही उरकून घ्या" असा निरोप दिलात आणि आम्ही उरकून घेतली. गृहप्रवेशाला आधी गाय आत न्यायची असते, वासरासकट. आपल्या वस्तीवर आता जर्सी आणि म्हशीच आहेत. देशी गाय हवी म्हटल्यावर चौकशी केली, तर वासराची देशी गाय आसपास एकच निघाली, आकारामनानांकडे. ते दहा वाजता टेम्पोतून तिला घेऊन आले. ती चंद्री होती. दीड महिन्याची कालवड मागे होती.

मी औक्षणाचे तबक घेऊन दारात उभी होते. चंद्रीने तबकाकडे पाहिले नाही. तिने शिंगे थोडी तिरकी केली, दारातून आत गेली, खोली एककडे न वळता सरळ खोली दोनमध्ये शिरली आणि आपल्या जागेवर आली. त्या जागेवर तुमचा पलंग होता. तिने कपाळ लावून तो ढकलला. उतार त्याच दिशेला असल्यामुळे पलंग विनासायास पन्हळीपर्यंत गेला. मग तिने टेबलाची फळी शिंगाने उडवली, गव्हाण हुंगली, रिकामी दिसल्यावर दोन्ही खोल्यांपुढच्या पडवीत येऊन दोन आसने खाल्ली (चादरी वगळून), परत आत गेली आणि बसली. गोमूत्र शिंपडण्याचा विधी पुढे होता, तो तिने आधीच आणि भरपूर प्रमाणात केला. चाळीस सेकंदांत सगळे पन्हळीतून बाहेर गेले. उतार बरोबर आहे.

गुरुजींनी मंत्र थांबवले नाहीत. नंतर म्हणाले, "बसली म्हणजे वास्तू मान्य झाली." आकारामनानांनी दावे ओढून पाहिले, शेपूट पिळून पाहिले, आणि शेवटी पलंगाच्या कडेवर बसून तंबाखू मळायला घेतली. "ही काय आता उठत न्हाई. घरी आलीया न्हवं ती. माज्याकडं पाव्हणीच हुती." आबा तोपर्यंत बाहेर दगडावर होते. मी त्यांना बोलावले नाही. कालवड दारात येऊन ओरडली तेव्हा ते आपण होऊन उठले, आत आले, चंद्रीकडे पाहिले, खाली पडलेल्या फळीकडे पाहिले आणि मला म्हणाले, "गव्हाणीवर फळी कुणी ठोकली गं? शिकून अक्कल गहाण टाकलीस व्हय? डोळ्याला लागलं असतं तिच्या." साडेपाच महिन्यांत त्यांनी माझ्याशी "हं" आणि "बघ" यांपलीकडे उच्चारलेले हे पहिले बोलणे. मला त्याचा राग आला नाही, एवढेच लिहिते.

त्यानंतर तिला बाहेर लिंबाखाली बांधून पाहिले. तिने तीनदा दावे तोडले आणि तिन्ही वेळा खोली दोनमध्ये सापडली. आकारामनाना मंगळवारी शेवटचे येऊन गेले. आता ते येणार नाहीत. चंद्रीचे पुढचे वासरू त्यांचे, असे त्यांचे आणि आबांचे ठरले आहे. आबा पाच दहाला दगडावर बसत नाहीत. त्या वेळी ते आत असतात, आणि मिस्त्रींचे उरलेले काम देखरेखीअभावी पुन्हा पहिल्यासारखे होऊ लागले आहे.

काकूंना नमस्कार. येताना सांधेदुखीचे तेल आणावे, तिथे चांगले मिळते. कळावे.

तुमची,
शिवांजली

ता. क. सोबत नकाशा जोडला आहे. पलंग खोली एकमध्ये हलवून तिथे तीन माणसांची सोय होते. बाकीचे दोघे घरी ओसरीवर. खोली दोनपुढे मी पेन्सिलीने "गाय" असे लिहिले आहे. गोठा तुमचा आहे, म्हणून तुमच्या सहीशिवाय त्यावर शाई फिरवणार नाही. सही करून २० तारखेच्या आत पाठवावा. आबा हे तुमच्याकडे कधीच मागणार नाहीत, म्हणून मी मागते आहे.

ता. क. २. नकाशाच्या कोपऱ्यातली तारीख तुम्ही वाचणारच. ती २ जून आहे. चंद्री १४ जूनला गेली. बाराशेचा दरवाजा, उतार, पन्हळ आणि शहाबादी यांची वर दिलेली कारणे खोटी नाहीत, पण ती नंतर सुचलेली आहेत. पलंगाला नऊशेचा दरवाजा पुरला असता. तो सुटा होतो. वास्तुशांतीला गुरुजी जर्सीवर तयार होते. देशीच हवी, असे मी सांगितले. फळी मात्र माझी चूक होती. ती तुम्हाला संशय येऊ नये म्हणून टाकली होती आणि आबा म्हणतात ते बरोबर आहे.

ता. क. ३. कालवडीचे नाव अजून ठेवलेले नाही. आई विचारते तेव्हा आबा म्हणतात, "दादा येऊ दे." ती दिवसभर खोली एकमध्ये चकचकीत टाइल्सवर उभी राहून स्वतःकडे बघत असते. दरवाजा नऊशेचा आहे आणि सध्या तरी ती त्यातून सहज येते. उत्तर लवकर पाठवावे.