गोळ्या सभेनंतर

१० फेब्रुवारी, सोमवार

एक ते पंचवीस! ज्याने अर्धी लायब्ररी पालथी घातली त्याला आज दवाखान्यात आकडे जोडायला बसवलं. कागदावर विखुरलेले गोल, त्यांतले आकडे क्रमाने रेघेने जोडायचे — आणि डॉक्टरीणबाई घड्याळ लावून समोर. चौदावर जरा अडलो. छपाईच भिकार! "अंकल, टाइम ज़्यादा लग रहा है," म्हणे. लागणारच.

लिव्हरचा सिऱ्होसिस गेल्या वर्षी निघाला. कारण चरबी आणि साखर. चाळीस वर्षं दारूबंदीवर बोलतोय, थेंबाला शिवलेलो नाही. तरी आजाराचं नाव घेतलं की लोकांच्या डोळ्यांत बाटली दिसते. मूर्ख.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फुग्यात फुंकून तपासणी झाली. जठरात जंतू सापडला. तो म्हणे अमोनिया तयार करतो. धड लिव्हर तो निस्तरतं, माझं निस्तरत नाही, मग तो मेंदूवर जातो. या जंतूमुळेच माझं डोकं मंदावलंय का, विचारलं. त्याचा वाटा किती, यावर डॉक्टरांत एकमत नाही म्हणाल्या, पण जठरासाठी त्याला मारायलाच हवं. वा! स्वतःची खात्री नाही, आणि मला चौदा दिवस गोळ्या! पोट साफ ठेवून तो अमोनिया बाहेर काढायचं ते गोड सिरप रोजचं आहेच — त्यात एक दिवसही खाडा नको, हे दोनदा बजावलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

एका दिवसाच्या गोळ्यांनी जीभ अशी, जणू तांब्याचं नाणं चघळतोय. तेवीसला दिल्लीत कोपर्निकस मार्गावर दारूबंदीचं भाषण आहे. कडू जिभेने वक्ता बोलणार काय? आणि सिरप पिऊन मंचावर उभं राहायचं, तर दर तासाला धावायचं! दोन्ही बंद. सभेनंतर बघू.

हेमलता म्हणाली, "अहो, सिरप तरी घ्या. काल दुधाची पिशवी पुस्तकांच्या कपाटात ठेवलीत."

ठेवली असेल. नवरा विचारात असतो, हे बायकोला कधी कळलंय?

२० फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर झोप, रात्री टक्क जागा. भाषणाची तयारी डोक्यात चालू आहे, दुसरं काय!

२३ फेब्रुवारी, रविवार

सभा झाली. फरीदाबादहून मेट्रोने गेलो, रेवती बरोबर. इतकी मोठी झाली तरी बाबांचा हात सोडेना.

श्रोते? दिल्लीतले मराठी. हातात ढोकळा, नजर मोबाइलवर. माझी दारुड्याची नक्कल शेवटासाठी राखून ठेवली होती — जड जीभ, हलणारे हात, तेच वाक्य पुन्हा पुन्हा. गावोगाव गाजलेली! पण हे बावळट सुरुवातीलाच हसू लागले. मी गंभीर बोलतोय आणि हे हसतात! अखेर अध्यक्ष श्यामकांतांनी दंडाला धरून बसवलं. वेळ संपली म्हणे. नक्कल राहूनच गेली.

परतताना रेवती मान खाली घालून बसली होती. तिलाही त्या लोकांची लाज वाटली असावी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रेवतीने मोबाइलवर घेतलेलं भाषण दाखवलं. अकरा मिनिटं. पहिलं वाक्य सात वेळा. जीभ जड. कागद धरलेला हात फडफडतोय.

तिच्या मागच्या रांगेतून कुणीतरी शेजाऱ्याला सांगतोय, "नक्कल नाही रे. आज घेऊनच आलेत."

हेमलताकडे सिरप मागितलं. त्या माणसाच्या जागी मी असतो, तर मीही तेच म्हटलं असतं.