देवराईतला कंद

१२ सप्टेंबर

पाणी बंद. सातही परळांतली पानं पिवळी पडायला लागली आहेत. दालारितीने सकाळी माझ्या पाठीमागे तांब्याभर पाणी घातलंच — "बिचारी सुकताहेत, मेइदुह!" थोरल्या बहिणीची ही लेक, मी तिची मेइदुह, धाकटी मावशी. माझ्यानंतर हे घर तिचं. पण ऑर्किडला पानगळीच्या वेळी पाणी देत नाहीत, एवढं दहा वर्षांत तिला कळलं नाही. सुकतात म्हणून तर फुलतात! परळ तिरके करून पाणी काढलं. कंद कुजले असते.

बाह, माझा थोरला भाऊ, आज तीन घास जेवला.

१५ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, "कोंग, आता भावाला जपायचं, इतकंच." ते मलाही दिसतं.

१९ सप्टेंबर

बाहने विषय काढलाच. मार्चमधल्या झटक्यापासून त्याचं तोंड डावीकडे ओढलं गेलंय, शब्द लाळेत भिजून येतात. हे वाक्य मात्र स्वच्छ आलं. "हेप, देवराईतलं देवराईत परत दे. मी जायच्या आत."

मी उशी नीट केली. म्हटलं, रक्तदाबाची गोळी घे.

दालारिती तिथेच सुपारी कातरत बसली होती. "कसलं देवराईतलं?"

मग त्यानेच तिला सांगितलं, थांबत थांबत. आमच्या गावच्या देवराईतून वाळलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नसतं. आणि व्हरांड्यातली ही सगळी ऑर्किडं तिथून आलेल्या एका कंदाची. त्रेचाळीस वर्षांपूर्वी.

तिच्या हातातला अडकित्ता थांबला. "म्हणून मामाचं तोंड वाकडं झालं?"

"मूर्खासारखं बोलू नकोस," मी म्हणाले. "मिठाने झालं. सुक्या मासळीने झालं."

"पण मामा, तुम्हीच आणलंत ना ते?"

"मीच," बाह म्हणाला.

मी चहाचं पाणी ठेवायला आत गेले.

२० सप्टेंबर

ह्यावर लिहायचं नाही.

२८ सप्टेंबर

आज त्याला नीट समजावलं. एक कंद उपटून खाटेशी नेला. पगडीसारखा, चोच आलेला, हिरवा — आणि त्याच्या बुडाशी गेल्या वर्षीचा, सुरकुतून चामडं झालेला. म्हटलं, बघ. प्रत्येक कंद वर्षभर जगतो, फुलतो, एक-दोन नवे कंद मागे ठेवतो आणि मरतो. देवराईतला कंद कधीच मेला. आता परत काय द्यायचं? पस्तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं, ह्याहून चांगलं कधी जमलं नव्हतं!

त्याने सगळं ऐकून घेतलं. कंद हातात फिरवला. मग म्हणाला, "आई मेली म्हणून लेकीचं कूळ बदलतं का, हेप?"

आमच्यात कूळ आईकडून चालतं. हे घर आईचं होतं, म्हणून माझं, म्हणून उद्या दालारितीचं. बायको गेल्यावर तोही इथेच आला, ते ह्याच नात्याने.

४ ऑक्टोबर

शेवटचं पान गळलं. एक गोगलगाय मारली. शेजारची कोंग फिदालिया चहाला आली होती. "तुम्ही दिलेली माझ्याकडे नुसती पानं काढतात, कोंग. फुलतात ती इथेच. तुमच्या धाकाने!" खूप हसली. बाहसुद्धा हसला, अर्ध्या तोंडाने.

ती गेल्यावर बोटांवर मोजलं. अख्ख्या गल्लीत माझी ऑर्किडं आहेत. चर्चच्या अंगणात, शाळेत, दालारितीच्या मैत्रिणीकडे गुवाहाटीला. सगळी परत द्यायची तर अर्धं शिलाँग उपटावं लागेल.

हे बाहला सांगितलं. म्हणाला, "एक परळ पुरे. आणि तोंडाने सांगायचं — कोणी नेलं ते."

१० ऑक्टोबर

दालारिती भांडी घासताना एकदम म्हणाली, "मामा घरच्या पूजेला कधी आत का बसले नाहीत?"

थोरले मामा — आईचे भाऊ, घरचे कर्ते — त्यांनी त्या वर्षी बाहला पूजेच्या पंगतीतून उठवलं. पुन्हा कधी बसू दिलं नाही. तो मामांचा उजवा हात होता, मंत्र त्यालाच शिकवत होते. भाच्यांच्या बारशाला तो दाराबाहेर. आईच्या अस्थी कुळाच्या दगडाखाली ठेवल्या, तेव्हाही रस्त्यावर पावसात उभा.

"एका फुलासाठी?" दालारिती म्हणाली. "आणि तू काही बोलली नाहीस?"

"मी कॉलेजात होते. सुट्टी संपली होती." खरंच संपली होती.

१९ ऑक्टोबर

पहिली कळी. मधल्या परळात, कंदाच्या बुडाशी, शेवाळातून पांढरं नाक वर आलंय. परळ उचलून बाहच्या खाटेशी नेला. त्याने बोट लावलं नाही. "आता ने, हेप. फुलायच्या आधी."

ठीक. नेऊ. त्याच्या समाधानासाठी. ह्यात माझा विश्वास वगैरे काही नाही.

२६ ऑक्टोबर

गावच्या बाजाराचा दिवस होता. जीपमध्ये बाहला दोन उशांत बसवलं, परळ दालारितीच्या मांडीवर. धुकं इतकं की चालक खिडकीतून डोकं काढून रस्ता बघत होता.

देवराईच्या उभ्या दगडांपाशी लिंगदोह वाट बघत होता. जुन्या पुजाऱ्याचा नातू. पायात रबरी बूट, खिशात मोबाइल. माझा विद्यार्थी असता तर मी त्याला केस कापायला लावले असते. आधी सगळ्यांना सुपारी दिली. मग विचारलं, "कोणी नेलं?"

बाहने माझ्या खांद्याचा आधार घेतला. "मी. किनसाई. मी नेलं."

त्याचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. मी समोरच्या झाडाच्या शेवाळाकडे बघत उभी राहिले.

लिंगदोहने कौल बघायला फळीवर तांदूळ पसरले, अंडं हातात घेऊन पुटपुटला आणि आपटलं. टरफलांकडे बराच वेळ बघत बसला. दुसरं अंडं मागितलं. तेही फोडलं. मग उठून हात पुसले.

"जुळत नाही, बाह."

"काय जुळत नाही?" मी विचारलं. शाळेतला आवाज आपोआप लागला.

"बोललेलं आणि हे. रागावू नका, कोंग. टरफलं पडली तशी मी सांगितली. आठ दिवसांनी पुन्हा बाजार आहे, तेव्हा या. परळ तोवर घरीच ठेवा."

टरफलं पडतात तशी पडतात! उंची, हाताचा जोर, फळीचा उतार. परतीच्या वाटेवर हे मी दालारितीला सांगत होते. बाह डोळे मिटून होता. एकदाच म्हणाला, "असू दे, हेप."

१ नोव्हेंबर

पहाटे बाह गेला — आमच्यात म्हणतात तसा, देवाघरी सुपारी खायला. झोपेतच. तोंड सरळ झालं होतं.

५ नोव्हेंबर

अस्थी दालारितीने आणि मी वेचल्या. गावच्या म्हाताऱ्यांनी त्या कुळाच्या दगडाखाली घेतल्या नाहीत. जवळच वेगळ्या ठेवायला लावल्या. "अजून मिटलेलं नाही ते," म्हणाले.

घरी आलो तर सातही परळ फुललेले. पान एक नाही, नुसती पांढरी फुलं, ओठांवर जांभळट ठिपके. दरवर्षी मोजते. आज मोजली नाहीत.

जेवताना दालारिती म्हणाली, "मामा त्या दिवशी जाताना जीपमध्ये हळूच काय म्हणाले, तुला सांगितलंच नाही. तू पुढे बसली होतीस."

"काय?"

"म्हणाले, मला कसली भीती? मी चाललो. हेप मागे राहते, तिच्या गळ्यात राहील ते. — मला काही कळलं नाही, मेइदुह. तुझ्या गळ्यात कशाला?"

मी ताट तसंच ठेवून उठले.

११ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस. एकटी गेले, परळ मांडीवर घेऊन. लिंगदोहने सुपारी दिली. विचारलं, कोणी नेलं?

मी म्हणाले, "मी. आत मी गेले. कॉलेजात छेद घेऊन दाखवायचा होता. ओच्यात घालून आणलं. बाह ह्याच दगडांपाशी उभा राहून हाका मारत होता — ठेव ते, हेप, ठेव. संध्याकाळी थोरल्या मामांनी विचारलं, तेव्हा तो माझ्या आधी बोलला. आणि मी बोलले नाही."

त्याने अंडं आपटलं. टरफलं कशी पडली, मी बघितलं नाही.