उतईच्या ट्रेलरचा अॅक्सल

९ नोव्हें.
ट्रेलरची चौकट झाली. वेल्डिंग माझंच, रिटायर झालो तरी हात शाबूत आहे. उरला अॅक्सल. उतई गावाच्या पुढे शेतावर राहायला दोन खोल्या बांधून तयार आहेत, पण मधल्या नाल्यामुळे टेम्पोवाले नाही म्हणतात. सामान जीपमागे आपणच ओढायचं. इथलं स्मृति नगरचं घर दिवसभर गप्प. बायको, सुमन, पुण्याला मुलाकडे गेली ती नातवाच्या बारशापुरती. नातू आता पळतो.

११ नोव्हें.
वर्मा मिस्त्रीकडे दोन अॅक्सल पाहिले. एक जुन्या जीपचा मागचा. चाकांचं अंतर माझ्या जीपइतकंच, म्हणजे चाकोरीतून नीट येईल, स्टेपनीही एकच पुरेल. पण त्याचा गिअरचा मधला गोळा खाली लोंबतो, नाल्यातल्या दगडांवर आपटणार. दुसरा सरळ चौकोनी बारचा, खालून मोकळा. तो हवा त्या लांबीचा करून देतो म्हणाला. ठरलं. पण बार बारीक की जाड? वर्मा म्हणाला, वजन सांगा.

पोलादाच्या प्लांटात जन्मभर क्रेनखाली हेच केलं. वजन कळल्याशिवाय कोणाला हुक लावू दिला नाही. आज मलाच सांगता येईना.

१२ नोव्हें.
यादी केली. माझं: खाट, ट्रंक, गॅस, हत्यारं. बारीक बार पुरतो. सु.चं: लोखंडी कपाट, शिलाई मशीन, घरघंटी, मोठा पलंग, भांडी. जाडच लागेल. ती येणार का हे विचारायचं सोडून मी घरघंटी वजनकाट्यावर चढवत बसलो. कंबर धरली. स्वतःचाच राग आला.

१५ नोव्हें.
सु.ला फोन. नातवाचा खोकला, तिथली थंडी, शेजारीण... शेवटी म्हटलं, कपाट नेऊ का शेतावर? ती म्हणाली, "तुमचं सामान तुमी न्या. माह्या कपाटाले हात लावू नका."

मी म्हटलं, बरं.

बरं काय? हात लावू नका ते ती इथे परत येणार म्हणून, की कुठेच येणार नाही म्हणून? विचारायला हवं होतं. उकळत्या पोलादाची ती अजस्र बादली, लॅडल, उचलवताना कधी कचरलो नाही, अन् बायकोला एक साधं...

१६ नोव्हें.
भातात मीठ विसरलो. तसाच खाल्ला. फार एकटं वाटलं आज.

१८ नोव्हें.
वर्माला जाड बार सांगितला. स्प्रिंगचे पाटेही भारी. तो म्हणाला, "साहब, खाली चलेगी तो बहुत उछलेगी." रिकाम्या किंवा हलक्या ट्रेलरला हलकाच बार बरा, नाहीतर तो दगडांवर नाचेल, जीपलाही झटके बसतील. बरोबर आहे त्याचं. दुसऱ्या कोणाला मीही हेच सांगितलं असतं.

म्हटलं, "कभी भरी भी चलेगी."

कधी, ते त्याने विचारलं नाही. मंगळवारी बसवून देतो म्हणाला.