दिव्यावर धरलेला केळीचा धागा

प्रिय आत्या,

आज तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले. तुझं कापड विकणारा मुंबईचा शेटही आला होता; उद्या सकाळी तो लेबलं न्यायला परत येणार आहे, त्याआधी तुला सांगायलाच हवं.

त्याने तुझ्या फोटोला शाल घातली. "केळीच्या खांबाच्या धाग्याची, मावशींनी हाताने विणलेली!" असं पनवेलपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. शाल कशी, लोण्यासारखी मऊ. तुझं कापड तर टोचायचं ना गं?

सगळे जेवायला बसल्यावर मी शालीचा एक धागा उपसून तुझ्या दिव्यावर धरला. तुझ्या धाग्याची राख होते. हा वितळला, काळी कडक गोळी झाली. नायलॉन! मेलेल्या बाईला नायलॉन घालतात आणि वर डोळे पुसतात!

शेटने पाहिलं. लाज? छे! "गिऱ्हाइकाला काय कळतंय? परवा माल न्हावा शेव्याच्या बंदरावर जायचाय. तू फक्त लेबलं लिही, अक्षर छान आहे तुझं. मावशींचं नाव अमर करू."

अमर म्हणे! हाच ना अंगणात नाकाला रुमाल लावायचा? बुटाला केळीचा चीक लागेल म्हणून पायरी सोडायचा नाही. आणि तू त्याला 'सायेब, सायेब' करत पदराने बशी पुसून चहा द्यायचीस. का गं?

भाऊबंदांना मात्र सोडायची नाहीस. "आत्याबाय, गुरांचा चारा इनताव का?" म्हणाले, तर तू म्हणालीस, "ये, तुला लंगोटी इनते. टोचंल तवा कलंल!" आज तेच शालीला हात लावून "वा, वा" करत होते.

पण मी तरी कोण मोठा? सातवीत शाळा सुटली, अक्षर तेवढं राहिलं. तू अंथरुणाला खिळलीस, माग बंद पडला, तरी मी 'केळीचा शुद्ध धागा, आत्याबाईंच्या हातचा' लिहीतच होतो. एकेक वेलांटी तपासली. कापड कुठून येतंय, हे एकदाही विचारलं नाही.

शर्टाला चीक लागला म्हणून मी रडलो होतो, आठवतं? "जात नाय रं तो. डाग हाय तवर धागा खरा हाय." नायलॉनला कसला डाग पडणार?

लेबलं मी आत्ताच चुलीत घातली. सकाळी शेटला ती काळी गोळी देईन. 

मग पाट मांडून खांब खरवडायला बसेन. पळस्प्याच्या केळीच्या वाडीतून आजच आणलेत, उद्या राहिले तर धागा काळा पडेल. माझ्या हातून तो तुटेल, खूप तुटेल. पण ज्याची राख होते, त्याच धाग्यावर यापुढे तुझं नाव लिहीन.

तुझा भाचा,
दिना