काळीज दगडाचं

औरंगाबाद, गुलमंडीमागून
ता. १८ जुलै १९९६

चि. सौ. आशास,

मनकर्णाबाईचा आशीर्वाद. तिकडं करमाडला तुझ्या आईचे गुडघे कसे हायत? भानूला म्हणावं, आजी अजून मेली नाय. तुझा नवरा स्वयंपाक करतो. त्याची भाकरी छपरावर कौलाच्या जागी चालंल.

सरकारी दवाखान्यात जाऊन आले. तुझंच ऐकलं, पण उशिरा. पोटाचा फोटो काढला. डाक्टर म्हणाला, "आजी, लिव्हर कडक झालंय." म्हणलं, लिव्हर म्हंजे? तर म्हणाला, "काळीज. दगडावानी झालंय." मला हसूच आलं. यष्टीत चढताना तू हेच बोलली होतीस. तुला फोटोबी लागला नाय.

जुन्या काविळीनं झालंय म्हणं. जखम झाली की रक्त धरायला जे विरजण लागतं, ते काळीज बनवतं. माझं आता पुरेसं बनवत नाय. म्हणून मिसरी लावताना थुंकी लाल. तू मोरीत बघितली होतीस ती.

दाताचंबी सांगितलं. दात उपटायला निघाले तवा तू दारात आडवी उभी राहिलीस, अन् मी तुला नाय नाय ते बोलले. डाक्टरनं कपाळावर हात मारला. "उपटला असता तर रक्त थांबलंच नसतं. अडवलं कोणी?"

"सुनेनं."

"शिकलेली हाय?"

म्हणलं, चौथी नापास. पण तिला जे आधी दिसतं, ते तुमच्या मशिनीला मागून दिसतं.

आता बांगड्यांचं. दातावरनं भांडलो त्याच दिवशी कासारानं बांगड्या भरल्या अन् सांजंला हात काळानिळा झाला. शेजारच्या साळूबाईनं विचारलं, "सुनेनं मारलं व्हय?" मी राग धरून गप बसले. नाय म्हणाया एकच शब्द लागत होता. गल्लीभर झालं, अन् तू गेलीस.

काल साळूबाईच्या ओट्यावर धा बाया होत्या. बाही वर सारली. म्हणलं, "हे सुनेनं नाय, माझ्या काळजानं केलंय. मी गप बसले ती लबाडी." साळूबाईचा चहा हातातच निवला.

दवाखान्याच्या कागदावर जवळचं माणूस लिहायचं होतं. पोटचा रामकिसन शेजारीच उभा होता. मी तुझं नाव सांगितलं.

मंगळवारी परत बोलावलंय. ये म्हणत नाय. पण दात अजून ठणकतोय, अन् दारात आडवं कोणी नाय.

तू अडवलेली,
मनकर्णा