टोपणातली देवयानी

१२ जानेवारी, सोमवार
सा. ७.३० ला गच्चीवर. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेचे लाइट, पाळणे, भोंगे. आकाश ताकासारखं पांढरट, डोळ्यांनी मोजून वीस तारे. पण कॅमेऱ्याला त्याचं काही नाही. दुर्बिणीतून डोळा लावायचं भिंग काढायचं, तिथं कॅ. बसवायचा, वायर लॅपटॉपला. दहा सेकंदांत मृगातला तेजोमेघ हजर. पुढच्या दहा सेकंदांत दुसरा फोटो पहिल्यावर चढतो, मग तिसरा. चित्र दाट होत जातं. चाळिसाव्या फोटोला काय पंख फुटले म्हणता!
मोठ्यानं बोलून गेलो, "बसू, बघ की लेका!"
शेजारी त्याची प्लास्टिकची खुर्ची, नोव्हेंबरपासून रिकामी. दोन खुर्च्या अजून कशाला मांडतो, देव जाणे. सव्वानऊला आवरलं.

१५ जानेवारी
संक्रांत झाली. बसूच्या घरून शेंगापोळी आली नाही. एकतीस वर्षांच्या दोस्तीत पहिल्यांदा. मी रेल्वेत कुर्डुवाडीला सिग्नल खात्यात होतो तेव्हासुद्धा वहिनी कुणा ना कुणाच्या हाती डबा धाडायच्या. लग्न केलं नाही, त्यामुळे माझे सगळे सण त्यांच्याच घरचे.
काल खानावळीत जेवलो. आमटी पाणचट. मालकाला तसं सांगितलं तर म्हणतो, "विलासकाका, आज सणाचं तरी भांडू नका."

१९ जानेवारी
आकाश स्वच्छ, अमावस्या कालच झाली. तरी वर गेलो नाही. पलंगावर पडून तीच नोव्हेंबरची रात्र. एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.
उजनी धरणाच्या काठाला बसूच्या मेव्हण्याची केळीची बाग. तिथं आम्ही दर अमावस्येला जायचो. दोन वर्षं बसूची टाळाटाळ चालली होती. रात्रीची गाडी नको, गुडघा दुखतो, दुकानात माल आलाय. म्हणून तर मी शहरात गच्चीवरून चालेल असा कॅ. घेतला. त्यावरून त्याचं सुरूच, "हा टीव्ही हाय. टीव्हीच बघायचा तर घरी बसतो की मी."
नोव्हेंबरला कसाबसा आला. शहरातले आणखी आठजण होते. कॅ. आपल्या पदरचे ठिपके फोटोत घालतो. ते वजा करायला दुर्बिणीच्या तोंडाला टोपण लावून काळे फोटो घ्यावे लागतात. ते घेतले. तेवढ्यात सगळे म्हणाले, आता डोळ्यांनी बघू द्या. मी कॅ. काढला, भिंग लावलं. दुर्बीण देवयानी दीर्घिकेवर रोखलेलीच होती. पहिला मान बसूचा, नेहमीसारखा.
त्यानं डोळा लावला. बराच वेळ. "आहाहा! देवयानी! गाभा काय झकास हाय आज. कडेचा धुळीचा पट्टासुदिक दिसतोय."
त्याच्यामागच्या बाई म्हणाल्या, "काका, मला काहीच दिसत नाही हो."
बॅटरी मारली. टोपण तसंच.
चूक माझी. पण मी काय केलं? पोट धरून हसलो. "अरे टोपण लावलेलंच हाय की! बसू, तुला टोपणात देवयानी दिसली व्हय!" सगळे हसले. बसू नाही. शाल घेऊन जीपमध्ये जाऊन बसला. सोलापूर येईपर्यंत तोंड खिडकीकडं.
त्यानंतर मीही फोन केला नाही. खोटं तो बोलला नि नाक मी घासू? आजही असंच वाटतंय. थोडं कमी, पण वाटतंय.

२३ जानेवारी
वायरीचं टोक ढिलं झालं म्हणून सात रस्ता चौकात गेलो. रस्ता ओलांडायला बसू उभा, कपाळाला भस्माचे पट्टे, हात दुकानातल्या पोराच्या खांद्यावर. तीन हातांवरून गेला माझ्या. कोंबडीसारखी मान तिरकी करून माझ्याकडंच बघत होता, पण ओळख नाही. माणसानं एवढा ताठा ठेवावा? मीही "बसू" म्हणालो नाही.
वायर घ्यायची विसरून परत आलो.

२४ जानेवारी
त्याची मान तिरकी का होती?

२६ जानेवारी
न राहवून दुकानात गेलो. बसू नव्हता. महेश, त्याचा मुलगा, चादरींच्या घड्या घालत होता. चहा मागवला. मी चहा प्यायला आलोय व्हय रे, म्हटलं, बसूच्या डोळ्यांना काय झालंय ते सांग.
"काका, अप्पांना मधलं दिसत न्हाय. दोन वरसं झाली. ज्याच्याकडं बघंल तितंच काळा डाग. कडेकडेचं दिसतंय. चष्म्यानं जाणारं न्हाय म्हणले डॉक्टर."
"आणि मला का नाही सांगितलं?"
"तुमालाच सांगू नका म्हणले. मला दिसत न्हाय कळलं की विलास दुर्बीण काढायचाच न्हाय म्हणले. एकटा कुटं जाणार त्यो, बंद करंल सगळं म्हणले."
उठलो. चपला उलट्या घातल्या, महेशनं सांगितल्यावर कळलं.
म्हणजे दोन वर्षं "दिसली, दिसली" म्हणत होता ते माझ्यासाठी. नि मी आठ माणसांत त्याला हसलो. घरी येऊन रडलो. बासष्टाव्या वर्षी, दार लावून, नळ सोडून.

२८ जानेवारी
तीनदा नंबर काढला. तीनदा बंद केला. काय बोलू? "सॉरी"? तो शब्द आमच्यात कधी वापरलाच नाही.

२ फेब्रुवारी
काल पौर्णिमा. आकाशाचं काम बंद, डोक्याचं चालू. भिंगातून बघायला डोळ्याचा मधला भागच लागतो. पण लॅपटॉपवर येतं ते मोठ्या टीव्हीवरही येईल. बसूच्या हॉलात ही एवढी भिंत भरून टीव्ही हाय. जवळ बसून, मान तिरकी करून, कडेनं...
लेकाचा टीव्ही टीव्ही म्हणून टिंगल करायचा!

९ फेब्रुवारी
भाऊ पुण्याला असतो, त्याच्या पोरानं फोनवरून सगळं शिकवलं. माझ्या लॅपटॉपवरचं चित्र आता लिंकवरून कुणालाही त्याच वेळी दिसेल, माझा आवाजही जाईल, बघणाऱ्याला खाली ओळ लिहिता येईल. लिंक दोघांनाच दिली. पुतण्याला, नि महेशला. महेशला लिहिलं, "रोज साडेसातला. टीव्हीवर लाव. मी सांगितलं म्हणू नको." निळ्या खुणा आल्या, म्हणजे वाचलं.
साडेसात ते नऊ. कोपऱ्यात बघणाऱ्यांचा आकडा असतो. ०.
शून्याला तेजोमेघ समजावून सांगत बसलो. खालच्या भाडेकरीण बाई कपडे काढायला वर आल्या, माझ्याकडं बघून तशाच खाली गेल्या.

११ फेब्रुवारी
८.०५ ला आकडा १ झाला! चाळीस मिनिटं होता. संपल्यावर पुतण्याला फोन.
"तू बघत होतास का रे?"
"नाही काका, ऑफिसातच आहे अजून."

१३ फेब्रुवारी
ढग. लिंक सुरू केली, फक्त "आज ढग" म्हणालो. तेवढ्यासाठीही आकडा १. मग भाकरी करपली ते सांगितलं, नळाला पाणी आलं नाही ते सांगितलं. वेड लागलंय मला.

१६ फेब्रुवारी
काल महाशिवरात्र. ० च होता. साहजिक आहे, बसू सिद्धेश्वराला गेला असेल. तरी साडेनऊपर्यंत थांबलो.
आज परत १. नाव घेऊन हाक मारावी असं ओठांवर आलं. घाबरलो. तो नसला तर? नि असला, नि निघून गेला तर? आता आहे तो एक आकडाही जायचा.

१८ फेब्रुवारी
देवयानी दीर्घिका पश्चिमेला उतरत चाललीय. आणखी थोड्या दिवसांत अंधार पडायच्या आतच शेजारच्या पाण्याच्या टाकीमागं जाईल, मग पावसाळ्यानंतरच. म्हणून आज तीच धरली. ७.४० ला लिंक सुरू. आधी टोपण लावून काळे फोटो. स्क्रीन काळाकुट्ट, नुसते चार ठिपके. आकडा १.
फोटो घेऊन झाले. टोपण काढायला उठलो नि तसाच खाली बसलो. देवयानी समोर असती तर बोलता आलं नसतं.
म्हणालो, "बसू, तू आहेस का दुसरा कुणी, मला माहीत नाही. टोपण राहिलं ती माझी चूक. हसलो ती त्याहून मोठी. मला कळलं सगळं, महेशला रागावू नको. अरे दिसत नव्हतं तर सांगायचं. मी बंद केलं नसतं. नसतं म्हणतो, पण केलंही असतं कदाचित, तू मला ओळखतोस. तू नाहीस तर मला यात काडीची मजा नाही. खुर्ची रोज मांडतो तुझी. बास, एवढंच."
आकडा १. गेला नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली. टीव्ही लावून घरचे जेवायला बसले असतील, कुणी ऐकलंच नसेल असंही मनात आलं.
८.०२ ला खाली एक ओळ उमटली. नाव नाही.
"टोपण काढ की आता."
मी विचारलं, "कोण?" दुसऱ्यांदा विचारलं नाही.
टोपण काढलं. काढताना दुर्बीण हलली, परत नेम धरावा लागला. पहिल्या फोटोत नुसता गाभा. विसाव्याला भोवती धूसर. साठाव्याला कडेला काळी रेघ आली, बारीक, पण स्पष्ट.
"कडेचा धुळीचा पट्टा," म्हणालो. "तू म्हणाला होतास तोच. सावकाश बघ."
पावणेनऊला देवयानी टाकीमागं गेली. तोवर आकडा १ च होता.
महेशला फोन करून विचारता येईल, कोण बसलं होतं म्हणून. केला नाही. उद्या साडेसातला आहेच.